तंबाखू त्याची, चुना माझा

तंबाखू सोडून चार वर्षं झाली, पण खरं सांगतो, तल्लफ अजून येते. दुपारची सुट्टी झाली की हात आपोआप पुढं होतो. तल्लफ तंबाखूची की त्या माणसाची, हे आता मलाच सांगता येत नाही.

हदगावच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर. बावीस वर्षं तंबाखू त्याची, चुना माझा. त्यानं कधी चुन्याची डबी बाळगली नाही, मी पुडी बाळगली नाही. एक रजेवर गेला की दुसऱ्याचे वांधे! मळायचा तोच. दोन टाळ्या मारून भुकटी उडवायचा अन् अर्धी माझ्या हातावर ठेवून म्हणायचा, "घ्या गुरुजी, आता शिकवा काय शिकवायचं ते."

मग माझी दाढ दुखायला लागली म्हणून नांदेडला दातांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. तिनं दाढ राहू दिली बाजूला अन् आरसा हातात दिला. ओठाच्या आत, जिथं मी बार धरायचो, तिथं पांढरा चट्टा. माझी पाचावर धारण बसली. "सर, आज सोडलीत तर हा जाईल बहुतेक," ती म्हणाली. "कुणासोबत खाता?" मी सांगितलं. "मग त्यांनाही घेऊन या. त्यांचंही तोंड बघू."

"सोयाबीन निघू द्या, आणतो," म्हणालो अन् आणलं नाही. भीती वाटायची हो! त्याच्या तळहातावरची तंबाखू दिसली असती तर मी तिथंच पाघळलो असतो. त्याला एवढंच सांगितलं की डॉक्टरनं बंद केलीय. मग सुट्टीत वर्गातच वह्या तपासत बसायला लागलो. दोन-तीन दिवस तो दारापर्यंत आला, बघितलं, परत गेला. पुढं यायचाच थांबला. मला भयंकर राग आला. चुना बंद झाला तर दोस्तीही बंद? वा रे पठ्ठ्या! मग मीही बोललो नाही.

माझा चट्टा गेला. त्याच्या गालात मात्र जखम निघाली. ती त्यानं कुणाला दाखवली नाही. लातूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी भेटायला गेलो. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं खुणेनं जवळ बोलावलं, बोटानं माझा ओठ खाली ओढला, आत नीट बघितलं अन् समाधानानं मान डोलावली. मला रडू आवरलं नाही.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दुपारी तुमच्याकडं यावं असं त्यांना लई वाटायचं. पण म्हणायचे, माझ्या हाताला वास येतो. त्याची सुटून राहिली, सुटू दे."

अन् मी त्याला एकदाही म्हणालो नव्हतो, चल, नांदेडला जाऊन येऊ.