भागीचा भ

आमच्या हेडमास्तरांइतका वाकड्या अक्षराला भ्यालेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या एका भीतीपायी बाकी कशालाच न भ्यालेलाही. खाडीकाठच्या एका गावात लोकल बोर्डाची शाळा होती. जांभ्या दगडाची एक लांब खोली, पुढे पडवी, आणि आम्ही दोघे शिक्षक. ते हेडमास्तर, मी दुय्यम. मी नुकताच ट्रेनिंग करून आलेला, बिनलग्नाचा, शाळेच्याच मागच्या खोपटात राहणारा. ते पन्नाशीला टेकलेले, लाल पगडी आणि बंद गळ्याचा कोट घालणारे, स्नानसंध्येचे कडक. चुकीचं अक्षर दिसलं की त्यांच्या पोटात दुखायचं. हे मी आलंकारिक म्हणत नाही. देवळाच्या भिंतीवर कुणी कोळशाने ‘माहाप्रसाद’ लिहिलं होतं, ते वाचून हा माणूस पंगतीतून पोट धरून उठला आणि उपाशी घरी आला. दुकानदार त्यांना येताना पाहिलं की दरांची पाटी आत ओढून घेत. बोलतानाही ते ऱ्हस्व-दीर्घ पाळत. ‘मी’ आणि ‘तू’ इतके लांबवीत की नवख्या माणसाला ते काहीतरी गायला लागले आहेत असं वाटावं. एकदा तिसरीतला एक मुलगा वर बोट करून ओरडला, “गुर्जी, कौलांत सरप!” हेडमास्तर म्हणाले, “सरप नव्हे, सर्प. रफार कुठे गेला?” मग त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला, रफाराचा आकडा कुठून फिरवायचा ते दाखवलं, सगळ्या वर्गाने तो गिरवला, आणि एवढं होईतो वरचा पाहुणा कंटाळून निघून गेला. तो दिवड होता की नाग, हे शेवटपर्यंत कळलं नाही. शब्द मात्र प्रत्येकाला लिहिता आला.

त्या काळी ‘तें’, ‘कोठें’, ‘घरें’ यांच्या डोक्यावरचे अनुस्वार लिहावेच लागत आणि मुलं ते लाडवावर तीळ टाकावेत तसे वाटेल तिथे टाकत. हेडमास्तरांनी त्यावर तोड काढली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बोलताना जरा नाकात बोलतात. तेव्हा मुलांना घरचा अभ्यास असा, की आजीला शब्द म्हणायला लावायचा आणि तिचं नाक वाजलं तर अनुस्वार द्यायचा. पुष्कळ म्हाताऱ्या या परीक्षेला कंटाळल्या. एक तर काठी टेकत शाळेत येऊन म्हणाली, “मास्तरांनो, माका पडसा झालाय. चार दिस माजा नाक धरू नुको.” त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि तिच्या नातवाला चार दिवस शेजारच्या म्हातारीकडे पाठवलं.

पण त्यांचं खरं शास्त्र होतं हाताचं. “अक्षर डोळ्याला शिकवून उपयोग नाही, धाकटे मास्तर,” ते मला सांगत, “ते हाताला शिकवावं लागतं.” नव्या मुलाच्या पाठीमागे ते मांडी घालून बसत, त्याची मूठ आपल्या मुठीत घेत आणि पाटीवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा फिरवून घेत. मारत कधी नसत. गावात त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुणाचंही अक्षर बघा, भातलावणीच्या ओळीसारखं दिसेल.

अशा या शाळेत एके वर्षी महारवाडीतला धाकू आपल्या मुलीला घेऊन आला. धाकू पलटणीत होता, मोठ्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. त्याला पलटणीत जेमतेम सही शिकवली होती आणि मुलीला त्याहून जास्त यावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. मुलगी होती भागी, सात-आठ वर्षांची, तेल चोपडलेल्या केसांची, काही न बोलणारी. नाव घ्यायला नकार देऊ नये असा सरकारी हुकूम होता, तेव्हा हेडमास्तरांनी तो पाळला. पण हुकमात मुलीला कुठे बसवावं हे लिहिलेलं नव्हतं. तिला पडवीच्या टोकाला बसवलं. हेडमास्तर सुधारक वगैरे मुळीच नव्हते. शिवाशिव त्यांना लहानपणापासून जेवणाखाणासारखीच नेमाची होती. ते उंबरठ्याच्या आत उभे राहत आणि तिच्याकडे तोंड करून हवेत बोटाने अक्षर काढून दाखवत.

भागी ते बघे आणि पाटीवर जसंच्या तसं काढी. आणि ते उलटं येई. भ चा काना असतो ती रेघ डावीकडे, पोट उजवीकडे. ग तसाच, म तसाच. हेडमास्तर आतून म्हणत, “उलटा आला, बाळ, पुन्हा काढ.” ती पुसून पुन्हा तसाच काढी. कितीतरी दिवस हे चाललं. त्यांचं जेवण कमी झालं. मला म्हणाले, “मुलगी मंद नाही हो. काढते ते अगदी रेखीव काढते. मग असं का होतं?” एका दुपारी मी सहज पडवीत भागीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि तिथून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. समोरासमोर उभं राहून काढलेलं अक्षर पलीकडून उलटंच दिसतं. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी बोट हवेत पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे चूक तिची नव्हे. मीच तिला उलटं शिकवतोय.”

मग त्यांनी पाठ फिरवून अक्षर काढून पाहिलं, तर त्यांच्या अंगाआड बोट दिसेना. पाटीवर अक्षर लिहून ती काठीने तिच्याकडे सरकवली. आकार सुधारला, पण हात शेवटाकडून सुरुवातीकडे चालू लागला, आणि तो तसा चाललेला त्यांना बघवेना. शेवटी मार्गशीर्षातल्या एका सकाळी, सगळी शाळा पाढे म्हणत असताना, हेडमास्तर उंबरठा ओलांडून पडवीत गेले, भागीच्या पाठीमागे मांडी घालून बसले आणि त्यांनी तिची मूठ आपल्या मुठीत घेतली. पाढे थांबले. भ दोन-तीनदा फिरवल्यावर त्यांनी मूठ सोडली. तिने एकटीने काढला. तो सरळ आला. “हां,” ते म्हणाले, “आता बरोबर.” मग ते उठले, आपल्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि आत येऊन म्हणाले, “तेराचा पाढा कुठे राहिला?”

दुसऱ्या दिवशी शाळेत भागी होती आणि आम्ही दोघे होतो. बाकी कुणी नव्हतं.

गावच्या खोतांनी हेडमास्तरांना ओटीवर बोलावलं. मी बरोबर गेलो. खोत आवाज चढवणारे नव्हते. म्हणाले, “झालं ते झालं. तुम्ही प्रायश्चित्त घ्या, मुलीचं नाव काढा, विषय संपला.”

हेडमास्तर लगेच म्हणाले, “प्रायश्चित्त घ्यायला हवंच. मीच भटजींकडे जाणार होतो. पण नाव कसं काढू? तिचा ग अजून यायचाय.” आणि मग अगदी कळकळीने त्यांनी विचारलं, “रोज प्रायश्चित्त घेण्यात शाळेचा वेळ मोडेल. बाराखडी पुरी झाल्यावर एकदमच घेतलेलं चालेल का?”

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. ओटीवरच्या लोकांना मात्र ती टवाळी वाटली. कुणी हसलं नाही. खोत उठून आत गेले, आणि संध्याकाळपर्यंत हेडमास्तरांना वाळीत टाकल्याचं गावभर झालं.

न्हावी येईना, दूधवाली येईना. विहिरीवर त्यांच्या घरची घागर चालेना. त्यांच्या पत्नीला, काकूंना, खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी आणावं लागे. तिथवर उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची निसरडी पाखाडी होती. मी पाणी आणून देतो म्हटलं तर काकू माझ्या हातचं घेत ना, मी भंडारी. त्या नवऱ्याच्या बाजूच्या नव्हत्या, हे सांगायला हवं. एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, “त्या पोरीचं अक्षर सुधारलं हो, पण माझ्या दारात कुंकवाला कुणी येत नाही.” हेडमास्तर खाली मान घालून म्हणाले, “आता जोडाक्षरंच राहिलीत.” काकूंनी घागर उचलली आणि त्या निघून गेल्या. माहेरी जायचं म्हणत, पण गेल्या नाहीत.

फाल्गुनात काकूंना ताप भरला. वैद्य पलीकडच्या आळीत राहत होते. त्यांनी दारातूनच हात जोडले. मी होडीने रत्नागिरीला जाऊन डॉक्टरकडून औषध आणलं, पण मी परतलो तेव्हा त्यांना ते गिळता येत नव्हतं. सकाळी त्या गेल्या.

गावातून कुणी आलं नाही. खांद्याला हेडमास्तर आणि मी. निरोप न देता होडीवाला इस्माईल आला, टोपी नीट करून तिरडीशी उभा राहिला. चौथा खांदा मिळेना. ऊन वर आलं. तेव्हा आवाराच्या गडग्याबाहेर मघापासून उभा असलेला धाकू दिसला. हेडमास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ये.”

धाकू जागचा हलला नाही. म्हणाला, “गुरुजी, बायना चालंल का?”

हेडमास्तरांनी तिरडीकडे पाहिलं. “तिला विचारायचं राहून गेलं,” ते म्हणाले. “तू ये.”

आम्ही चौघांनी काकूंना नेलं. खाडीच्या वाऱ्यात चिता लवकर पेटेना.

पुढे मे महिन्यात बोर्डाने हेडमास्तरांची बदली मंडणगडाकडे केली. ते निघाले तोवर भागी जोडाक्षरं लिहू लागली होती. शाळा माझ्याकडे आली. मी भागीला पडवीतून आत, दाराजवळ बसवलं. काही मुलं वर्षभराने परतली, काही कधीच परतली नाहीत. भागी चौथी पास झाली, मग लग्न होऊन मुंबईला गिरणगावात गेली.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त मंडणगडाकडे गेलो तेव्हा मी त्यांना शोधून काढलं. पेन्शनीत निघाले होते, एका खोलीत एकटेच राहत होते, फार वाळले होते. मी भागीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मला वाटलं होतं तेवढे खुलले नाहीत. चहा त्यांनी स्वतः केला. बाहेरच्या काजूच्या झाडाकडे बघत बसले. मग म्हणाले, “धाकटे मास्तर, तिला चाललं असतं का हो? धाकूचा खांदा?”

मी म्हटलं, “काकू तुमच्यावर रागावल्या होत्या. पण सोडून गेल्या नाहीत.”

“ते उत्तर नव्हे,” ते म्हणाले. मग पुसटशा आवाजात म्हणाले, “तिला लिहिता येत नव्हतं, तुम्हाला माहीत नसेल. सहीसुद्धा नाही. गावभरची पोरं शिकवली मी. तिने कधी म्हटलं नाही आणि मला कधी सुचलं नाही. दुपारी शाळा सुटली की वेळ असायचा हो.”

मी निघालो तेव्हा ते वळणापर्यंत पोचवायला आले. रस्ता उताराचा होता म्हणून मी त्यांना आधाराला हात दिला. हात हलका आणि कोरडा लागला. वळणावर त्यांनी तो सोडवून घेतला, “जपून जा,” म्हणाले, आणि एकटेच हळूहळू परत चढू लागले.