नावं येईपर्यंत बसा

"बसा जी. नावं येऊन राहिली ना."

मालिका संपली की आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात टीव्हीसमोरून सगळे एकदम उठत. रात्री दाखवलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागे आणि तो संपेपर्यंत दोन वाजत. साहेबांना दोन म्हणजे दोन लागत. बाई मात्र डब्याचं झाकण हातात धरून बसून राहत आणि आम्हालाही बसवत. पडद्यावर लेखक, दिग्दर्शक, संकलक अशी नावं भराभर वर सरकत. शेवटचं नाव गेलं की त्या डब्याला झाकण लावत.

कार्यालय सरकारी, येरवड्याचं. बाई आवक-जावक विभागात होत्या. आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा आणि पाठवणाऱ्याचं नाव नोंदवायचं, हे त्यांचं काम. माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं. पुण्यात पंधरा वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातला 'जी' गेला नव्हता. आम्ही हसायचो. त्या म्हणत, "हसा. आदर तुमच्याकडे मागावा लागते, आमच्याकडे फुकट भेटते."

केबल घरोघर पोचली त्या वर्षांतली ही गोष्ट. ज्या मालिकेने तेव्हा खळबळ उडवली होती, तिची नायिका नवऱ्याला सोडून दुसऱ्या पुरुषाबरोबर उघडपणे राहत होती. "आमच्याकडे नाही बघत असलं काही," असं सांगणाऱ्यांनाच तिने काल कोणती साडी नेसली होती ते ठाऊक असे. बाई उघड बोलत, पण त्यांचा विषय वेगळा होता. ती कोणाबरोबर राहते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तिला कोण लिहितं, हे त्यांना हवं असे. कोणता लेखक कोणत्या वाहिनीवरून उठून कुठे गेला आणि तिथे जाऊन बिघडला की सुधारला, हे त्यांना तोंडपाठ होतं.

एका मंगळवारी नावं सरकून गेल्यावर त्या म्हणाल्या, "लिहिणारा गेला."

"नाव तर तेच होतं," मी म्हणालो.

"नाव राहील जी आणखी काही दिवस. माणूस गेला."

"कशावरून?"

"ती खुलासा देत होती. नवऱ्याला का सोडलं ते सासूला समजावून सांगितलं, वर रडली. इतक्या महिन्यांत तिनं कोणाला खुलासा दिला नव्हता. आता काय तिला कारणे दाखवा नोटीस आली?"

सगळे हसले. तीन आठवड्यांनी बातमी आली, की तो लेखक मालिका सोडून दुसऱ्या वाहिनीवर गेला आहे. बाई एवढंच म्हणाल्या, "आता तिथल्या सुना बोलायला लागतील, बघा." लागल्या.

आता माझा भाग. मी तेव्हा एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मालिकांवर सदर लिहीत असे. सदर मुळमुळीत होतं. बाईंचं निरीक्षण मी बातमी येण्याआधीच त्यात लिहिलं, सुरुवातीला 'आमच्या कार्यालयातल्या एक बाई म्हणतात' असं घालून. जागा कमी पडली म्हणून संपादकांनी ते वाक्य कापलं. तो दोष त्यांचा. पुढच्या रविवारपासून मी ते वाक्य लिहिलंच नाही. तो माझा.

बाई सदर वाचत. "माझं बोलणं तुमच्या शर्टात बरं दिसते, भाऊ," असं एकदा म्हणाल्या. मी ते हसण्यावारी नेलं.

मग ते पत्र आलं. माझ्या नावाचं, कार्यालयाच्या पत्त्यावर, म्हणजे आधी बाईंच्या टेबलावर. पाठवणारा तोच लेखक; पत्ता त्याने दैनिकाकडून मिळवला होता. बाईंनी शिक्का मारला, नोंद केली आणि शिपायाकडे न देता पत्र स्वतः घेऊन आल्या. मी ते त्यांच्यासमोरच उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मी गेलो हे फक्त तुम्हाला कळलं, असं त्याने लिहिलं होतं. शनिवारी पुण्यात येतोय, भेटू या.

"जाणार ना जी?"

"जाईन म्हणतो."

"शनिवारी मलाही सुटीच आहे," म्हणाल्या.

"बघू, कसं जमतं ते," मी म्हणालो. पुण्यात याचा अर्थ 'नाही' असा होतो. पंधरा वर्षांत एवढं पुणेरी बाईंना कळायला लागलं होतं.

मी एकटा गेलो. लेखकाने पहिलाच प्रश्न विचारला, "कशावरून ओळखलंत?"

"ती खुलासा द्यायला लागली," मी म्हणालो.

"तेवढं एकच मी ठरवलं होतं," तो म्हणाला. "तिला खुलासा द्यायला लावायचा नाही." उठताना त्याने नव्या मालिकेचे भाग मला वाचायला पाठवायचं ठरवलं.

भाग मी घरच्या पत्त्यावर मागवले, बाईंच्या टेबलावरून जाऊ नयेत म्हणून. आणि जेवणाच्या सुटीत 'एका मित्राचं लिखाण' म्हणून बाईंनाच दाखवले. त्या वाचत, कुठे नायिकेचं बोलणं खोटं वाटतंय ते बोट ठेवून सांगत. मी ते माझ्या अक्षरात लिहून पाठवी. "हा मित्र ओळखीचा वाटते," असं एकदा म्हणाल्या आणि पान उलटून पुढे वाचत राहिल्या.

नवी मालिका सुरू झाली. पहिला भाग संपला, दोन वाजले, सगळे उठले.

"बसा जी. नावं येऊन राहिली."

'कथा सल्लागार' आणि त्यापुढे माझं नाव. टाळ्या पडल्या, कोणी पेढे मागितले. बाईंनी झाकण लावलं. "नाव बरोबर लिहिलं त्यांनी," म्हणाल्या. "काना-मात्रा कुठे चुकला नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या टेबलावरच डबा खाऊ लागल्या. माझी पत्रं वेळेवर येत, शिक्का स्वच्छ असे. मालिकांबद्दल त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. माझं सदर दोन-तीन महिन्यांत बंद पडलं. लेखकानेही भाग पाठवणं थांबवलं.

निवृत्तीनंतर बाई हिंजवडीला लेकीकडे राहायला गेल्या. लेक तिथे सॉफ्टवेअर कंपनीत. बाई वारल्याचं कळलं तेव्हा लेकीला भेटायला गेलो. लेक म्हणाली, "आता नावं सुरू झाली की लगेच पुढचा भाग लागतो ना, काका. आई रिमोट हातातून सोडायची नाही. मागे नेऊन नावं बघायची." मग म्हणाली, "तुमचंही नाव यायचं ना? आई दाखवायची आम्हाला. आमच्या ऑफिसातले भाऊ आहेत, म्हणायची."

"आणखी काय म्हणायच्या?"

"काही नाही. एवढंच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर टीव्ही होता, त्यासमोर त्यांची खुर्ची होती. मी चहा घेतला आणि निघून आलो.

बाईंनी माझ्याकडे कधी खुलासा मागितला नाही. न मागता दिलेला त्यांना आवडत नसे, तरी हा देतो आहे. त्या मालिकेतलं नाव आता कोणी बदलणार नाही, पण हे पान माझ्या हातात आहे. संपलं असं समजून उठू नका. नाव येऊ द्या.

कथा सल्लागार: श्रीमती कुसुम गजभिये, आवक-जावक विभाग.