राख लावून चुडाव्याला

मी पळून गेले नाही. हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण रंगनाथ, तुझ्या घरात अजून तसंच सांगतात. मी दिवसाढवळ्या गेले, तिकीट काढून, चुडाव्याच्या फलाटावर सगळ्यांच्या देखत उभी राहून. निम्मं गाव बघायला आलं होतं, जशी काही सर्कसच निघाली. तुझे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, माझ्या गोदाचा हात धरून फलाटाच्या टोकाला उभे होते. गोदा माझी एकुलती लेक, तेव्हा चार वर्षांची. "तुला जायचं तिकडं जा वैनी, पोरगी आमच्या घराची हाय," असं भाऊजींनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. गाडी हलली तरी गोदा रडली नाही. तिला वाटलं, माय बाजाराला चाललीय. ती हात हलवत राहिली. मी खिडकीतून ओरडले, "न्यायला येते!" इंजिनाच्या आवाजात कुणी ऐकलं नसेल. पण मी बोलले होते, आणि माझं मी ऐकलं होतं.

का गेले तेही ऐक. तुझे थोरले काका तापानं गेले आणि मी पांढऱ्या पायाची ठरले. आमच्यात विधवेचा पाट लावत नसत, घराणं मोठं ना! घराण्याचा सगळा मोठेपणा माझ्या रिकाम्या कपाळावर येऊन बसला. कुंकू पुसलं त्या दिवशी बायकांनी माझा पदर ओढून भुवयांपर्यंत आणला आणि तो तिथंच राहिला. राणीसावरगावाहून माझ्या मायचा निरोप आला, "लेकी, मान खाली घालून दिवस काढ. वर बघू नको." माय वाईट नव्हती. तिला जे ठाऊक होतं तेच तिनं दिलं.

स्टेशनाच्या क्वार्टरात मी दूध घालायची. तिथं रूळ बदलणाऱ्या पॉइंटमनची बायको मेरीबाई राहायची, सिकंदराबादची, ख्रिस्ती. तिच्या भिंतीवर येशूची तसबीर होती, छातीवर उघडं काळीज असलेली. मी विचारलं, ह्यो असा काळीज बाहेर काढून का उभा? मेरीबाई दूध ओतून घेता घेता सहज म्हणाली, "उनो तेरेकू चाहता."

"मला? कशापायी? मी त्याला काय दिलंय?"

"कुछ नै. ऐसाच."

ऐसाच! रंगनाथ, मला तोवर ऐसाच कुणी काही दिलं नव्हतं. शिव्यासुद्धा काहीतरी कारण काढून दिल्या. तो शब्द घेऊन मी घरी आले आणि तो काही गप्प बसेना. म्हणून पुढं मेरीबाईच्या बहिणीनं मिशनच्या दवाखान्यात काम बघितलं तेव्हा मी निघाले. भाकरीसाठी बाटली म्हणतात ना मला? भाकरी चुडाव्यात होती. ज्वारीची कणगी भरलेली होती. भाकरीसाठी कोण जातंय?

सिकंदराबादला मी जखमांच्या पट्ट्या धुतल्या, वॉर्ड पुसले, इकडची दखनी नि थोडी तेलुगू शिकले. नक्को, हौ, परेशान, सगळं तोंडात बसलं. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर म्हणाले, नवं नाव घे. मी म्हटलं, देवानं हाक मारली ती सुभद्रा म्हणूनच मारली, आता नाव बदललं तर तो कुणाला शोधत बसेल? फादर हसले, कागदावर काहीतरी लिहिलं, पण हाक सुभद्राच राहिली.

मग छप्पन साली हैद्राबादचं राज्य मोडलं. मी एक पाऊल न हलता परराज्यात गेले. चुडावा मुंबईकडं, मी आंध्रात, आणि मधे माझी गोदा.

त्यानंतरचा जो लेंट आला, म्हणजे आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तेव्हा सिस्टर आम्हां कामवाल्या बायकांना एकेकीला विचारत होत्या, देवासाठी काय सोडणार? सिस्टर केरळकडच्या, त्यांची दखनी माझ्याहून कच्ची. एकीनं चहा सोडला, एकीनं साखर, एकीनं पान. माझी पाळी आली.

"तू क्या छोड़ती, सुभद्रा?"

आता बघ. कुंकू सुटलेलं. बांगड्या सुटलेल्या. हिरवं लुगडं, सणाची पंगत, लेकरू, सगळं लोकांनी आधीच सोडवून घेतलेलं. माझा उपास केव्हाचाच चालू होता, तो सोडायचा ईस्टरचा सण तेवढा येत नव्हता. मला हसूच आलं. मी म्हटलं, "सिस्टर, मी कपाळावरचा पदर सोडते."

सिस्टरांचं तोंड लाल झालं. "ये उपास नै, नखरा है."

मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना, त्याची माझ्यावर फार माया आहे म्हणून? मग एवढी माया करणाऱ्यासमोर मी तोंड झाकून उभी राहते, हा त्याचा अपमान नाही का? चहा सोडून त्याला काय मिळणार? त्याला चहा प्यायचाय का?

बायका तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायला लागल्या. सिस्टरांनी हातानंच त्यांना गप्प केलं. मग म्हणाल्या, आणि उघड्या तोंडानं करणार काय? मी म्हटलं, गावी जाते. लेक आणते. त्यांनी रजा दिली. हसून नाही दिली, पण दिली.

भस्म बुधवारी सकाळी मी रांगेत उभी राहिले. मागल्या वर्षी सणाला चर्चमधे वाटलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. फादरनी अंगठा बुडवला, लॅटिनमधे पुटपुटले आणि माझ्या कपाळावर क्रूस ओढला. तू मातीची आहेस हे विसरू नको, असा त्याचा अर्थ. शेतकऱ्याच्या लेकीला हे काय सांगायचं! पण तो अंगठा, रंगनाथ. कुंकू पुसल्यापासून माझ्या कपाळाला माणसाचा हात लागला नव्हता. पुसायला दहा हात आले होते, लावायला हा पहिला. मी तशीच स्टेशनात गेले. गाडीत बाकावर उताणी झोपले, कपाळ कशाला घासू नये म्हणून. शेजारचा म्हातारा म्हणाला, "अम्मा, मूं को कुछ लग्या." म्हटलं, हौ, लगने दो.

चुडाव्याला उतरले ती सरळ खळ्यावर. ज्वारीची उफणणी चालली होती. आत्याबाई, म्हणजे तुझी आजी, सूप घेऊन वाऱ्यात उभ्या. कडब्याच्या पेंढ्यांच्या पाचुंद्याआडून एक लांब वेणीची पोरगी बघत होती. तीच गोदा, आता आठ वर्षांची. तिनं मला ओळखलं नाही, आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. तरी पदर मी पुढं ओढला नाही.

"आली! मान ताठ करून आली!" भाऊजी ओरडले. "तोंडाला काय फासलंस?"

"राख."

"राख तर आमच्या चुलीत बी हाय. तिच्यासाठी येवढ्या लांब गेलतीस?"

सगळं खळं हसलं. मीही हसले. "चुलीत व्हती भाऊजी, पण लावायला कुणाचा हात म्होरं आला न्हाई."

भाऊजी म्हणाले, "पोरगी मिळायची न्हाई. आता ते राज निराळं, आपलं निराळं. परराज्यात लेकरू कोण धाडायलंय?"

"राज बदललं, रूळ तेच हायेत. त्याच गाडीनं आले, त्याच गाडीनं तिला नेते. न्यायला येते म्हणून फलाटावर सांगून गेले व्हते."

तेवढ्यात गोदा पुढं आली. माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि माझं कपाळ खसाखसा पुसलं. "माय, तुला राख लागलीय," म्हणाली. माय म्हणाली! माझा क्रूस तिच्या अंगठ्यावर गेला आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

शेजारची पारूबाई टोमणा मारायला टपलेलीच. "आता आजीला बी लाव गं! बाटवा समद्यांला!"

लेकराला टोमणा काय कळतो? गोदानं मागं वळून, सूप खाली ठेवून वाकलेल्या आजीच्या कपाळाला तो काळा अंगठा टेकवला.

तुझे आजोबा फार तरुणपणी गेले होते, रंगनाथ. माझं वय नव्हतं तेवढी वर्षं आत्याबाईंचं कपाळ मोकळं होतं. त्यांचा हात पुसायला वर गेला. अर्ध्यावर थांबला. मग तोच हात खाली आला आणि त्यांनी सूप उचललं.

"ने तिला," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "गाडीची येळ झाली."

"आये!" भाऊजी.

"तू वारं बघ."

बस, एवढंच. गाडीतून ते खळं दिसतं. मी गोदाला मांडीवर घेऊन बघत होते. आत्याबाई उफणत होत्या आणि त्यांचा पदर मागं सरकलेला होता. लोक म्हणतील, वाऱ्यानं सरकला असेल. म्हणू देत.

आता तुझ्या परवाच्या फोनचं बोलते. लेकीचं लग्न काढलंस, हळद बेस्तरवारी, ये म्हणालास, बरं वाटलं. मग हळूच म्हणालास, "काकू, बुधवारची ती राख तेवढी पुसून या, आणि हळदीच्या येळी जरा मागं बसा, पाव्हणे जुन्या वळणाचे हायेत." इथले फादर वेगळंच सांगतात, उपवासात लग्नाच्या मांडवात कशाला? दोघांनाही एकच उत्तर. माझा उपास मी त्या वर्षीच ठरवलाय, तो अजून सोडलेला नाही. पुरणपोळी खाणार नाही, पण हळद लावणार, पहिल्या पाच बायकांत.

लोक विचारतात, सुभद्राबाई, तुमचं घर कोणतं, इथलं का तिकडचं? मी दोन्हीकडं उघड्या कपाळानं जाते, दोन्हीकडची दारं मला बघून जरा कुरकुरतात, आणि दोन्ही घरं माझीच आहेत. गोदाही येतेय, तिच्या नातीला घेऊन. बेस्तरवारी सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरू. स्टेशनावर कुणाला धाडायचं तर धाड, नाहीतर खळ्याची वाट मला ठाऊक आहे.

राख पुसून येणार नाही. कुणा लेकरानं पुसली तर गोष्ट वेगळी.