मी जामीनदार झाले तेव्हा

माझ्या भावाच्या नाकावर राग असायचा. घरी काही बिनसलं की पिशवीत दोन कपडे कोंबून तो चालता व्हायचा. एकदा महिनाभर सुरतेला होता, एकदा बऱ्हाणपूरला. राग उतरला की काहीच न झाल्यासारखा परत यायचा आणि आई मुकाट्याने ताट वाढायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. हे आधी सांगते, कारण पुढे मला जो घोर लागला तो या सवयीमुळेच.

रावेर तालुक्यात आमची केळीची बाग. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. शाळेत शिक्षिका म्हणून लागून मला तिसरं वर्ष चालू होतं. एके दिवशी व्यापाऱ्याचा माणूस कापणीला आला आणि चांगले घडही नापास म्हणून बाजूला काढायला लागला. भावाच्या हातात कोयता होता. बोलाचाली झाली, झटापट झाली, त्या माणसाच्या हाताला कोयता लागून बोटाचं हाड मोडलं. मी मारला नाही, तोच ओढायला आला, असं भाऊ सांगत राहिला. पोलीस त्याला कोयत्यासकट घेऊन गेले.

आमच्या वडिलांनी, आबांनी, सगळ्यात आधी काय केलं, तर जीप करून जळगाव गाठलं. तिथले एक वकील आमचं बांधाचं भांडण अकरा वर्षं लढत होते. कागद वाचायला म्हणून मलाही बरोबर घेतलं होतं. वकिलांनी चहा पाजला आणि सांगितलं, की मला अजून तुमचा बांध सरळ करता आलेला नाही, फौजदारीत मी हात घालत नाही. रावेरच्या कोर्टात जो रोज उभा राहतो असा वकील बघा, इथून कोणाला नेऊ नका. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेले नाही. फी घेऊन त्यांना आमच्याबरोबर जीपमध्ये बसता आलं असतं.

रावेरला कोर्टाच्या फाटकातच एकाने आबांना गाठलं. म्हणाला, वकील आपला, जामीनदारही तयार, दुपारपर्यंत पोरगा घरी. आबा त्याच्या मागे निघालेसुद्धा. मी विचारलं, कलम कोणतं लागलंय ते माहीत आहे का तुम्हाला? तो म्हणाला, तुम्हाला कलमाचं काय करायचंय ताई. कलम न विचारता औषध देणारा हा कसला वैद्य, असं मनात आलं आणि मी आबांचा हात धरून त्यांना मागे ओढलं.

शेवटी चहावाल्याने पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीकडे बोट दाखवलं. तिथे बसणाऱ्या वकिलांच्या टेबलावर पिठाचा पातळ थर होता. त्यांनी आधी फिर्यादीची नक्कल मागितली आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, कोयता कापायला धरला होता की उगारला होता? वचन मात्र कसलंच दिलं नाही. म्हणाले, साध्या मारामारीत पोलीस ठाण्यातच जामीन मिळतो, तो हक्कच असतो. इथे कोयत्याने हाड मोडलंय, म्हणून न्यायाधीश ठरवतील. आबांनी विचारलं, म्हणजे मग केस संपेल ना? तेव्हा ते म्हणाले, "जामीन म्हणजे सुटका नाही आबा. बोलावलं की येईन, एवढा शब्द. आणि त्या शब्दाखाली दुसऱ्या कोणाची तरी सही लागते."

तिसऱ्या दिवशी जामीन मंजूर झाला. आबा पेढे घेऊन आले. वकिलांनी पुडा तसाच बाजूला ठेवायला लावला आणि जामीनदार कुठे आहे म्हणून विचारलं. जामीनदाराचा सातबारा कोरा हवा होता. आमच्या भाऊबंदांत एकाचाही कोरा नव्हता, केळीच्या कर्जापायी सगळ्यांच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा. ज्या दोघा लांबच्या नातेवाइकांचा कोरा होता त्यांनी हात वर केले. एकाने तर तोंडावरच विचारलं, उद्या हा बऱ्हाणपूरला गेला तर? मला राग आला, पण त्याचं चुकलं असं म्हणता येईना.

वकिलांनी विचारलं, घरात कायम नोकरीवर कोणी आहे का? आबा म्हणाले, कोणी नाही.

मी आबांच्या शेजारीच बसले होते. माझ्या पगारात त्या घराचं दळण चालत होतं, आणि मी कोणीच नव्हते! "मी आहे ना," मी म्हणाले. आबा हळूच पुटपुटले, पोरीच्या जातीने कोर्टात उभं राहायचं म्हणजे... पुढचं त्यांनी गिळलं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. वकिलांनी त्यांना बाहेर पाठवलं आणि मला स्वच्छ सांगितलं, की भाऊ तारखेला आला नाही तर कोर्ट तुम्हाला जाब विचारेल, पगारातून वसूल करेल. विचार करून सांगा.

विचार काय करणार? तो आत होता. मुख्याध्यापकांनी पगाराचा दाखला तीन वेळा वाचून मगच सही केली. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? भाऊ. तारखेला येईल का? मला काहीएक खात्री नव्हती. मी म्हणाले, येईल.

तो जामिनावर घरी आला. गावाने तोंडसुख घेतलं, बहिणीच्या पदराआडून सुटला म्हणून चिडवलं. मला वाटलं, आता हा पिशवी उचलणार. त्याने नाही उचलली. माझ्या कॅलेंडरवर मी तारीख गोल केली की तो जाता-येता तिकडे बघायचा, एवढंच.

वर्षभराने मात्र त्याने उचललीच. पाण्याच्या पाळीवरून आबांशी वाजलं आणि तो गेला. तारीख आठ दिवसांवर होती. कुठे आहे कोणाला ठाऊक नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तारखेच्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले, वकिलांना काय सांगायचं ते वाटेत मनात घोळवत.

तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, मांडीवर पिशवी. पहाटेच्या गाडीने बऱ्हाणपूरहून आला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मी आबावर रुसलो. तुयी सही हाये तठी." तारीख झाल्यावर तो परत बऱ्हाणपूरला गेला, कारण राग अजून उतरला नव्हता. मी मात्र त्या दिवसापासून शांत झोपायला लागले.

तीन वर्षं केस चालली. त्याने एकही तारीख चुकवली नाही. शेवटी व्यापाऱ्याच्या त्या माणसानेच साक्षीत सांगितलं, की कोयता ओढताना लागला. निकालाच्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला जाता आलं नाही. दुपारी मी चौथीला गणित घालत होते. मुलं एकदम दाराकडे बघायला लागली. दारात भाऊ उभा होता, हातात चप्पल, वर्गात कसं यायचं म्हणून अवघडलेला.

मी विचारलं, "सुटलास?"

तो म्हणाला, "तू सुटली व बाई आज."

मला वाटायचं, माझा घोर त्याला कधी कळलाच नाही. मी खडू ठेवला, मुलांना पाढे म्हणायला सांगितले आणि व्हरांड्यात जाऊन रडले. तो शेजारी उभा राहिला, चप्पल हातातच धरून.