दुसरा ट्रान्झिस्टर

अनंताच्या बायकोचा, कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. कडा गावच्या एसटी स्टँडवर अर्धा तास ताटकळत उभा होतो आणि हा बाबा नेहमीसारखाच वेळेवर येत नव्हता. "भाऊजी, दवाखान्यात या... ह्यांचं काय खरं न्हाई," एवढंच वहिनी बोलल्या. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सहा आठवडे झाले. माझी चिडचिड अजून तशीच आहे, फक्त ती काढायला माणूस उरला नाही.

आम्ही दोघं ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरची सर्किटं बांधायचो. या यंत्राच्या झडपा सोलेनॉइडवर चालतात; तारेच्या गुंडाळीला वीज मिळाली की आतला दांडा खेचला जातो आणि झडप उघडते. झडपा चालवणारं कंपनीचं सर्किट-कार्ड जळलं तर नवं यायला आठवडे लागतात, म्हणून आम्ही ते दुकानातच करू लागलो. वाटणी ठरलेली होती. बॅटरीची वीज नीट करून कार्डाला पुरवायची ती बाजू माझी, गुंडाळीला वीज सोडणारा ड्रायव्हर अनंताचा. एकानं दुसऱ्याच्या अर्ध्यात नाक खुपसायचं नाही. बोर्डाच्या मधोमध तो पेनानं रेघ मारायचा आणि म्हणायचा, "ह्यो बांध हाय बे, कोरू नगं."

पहिल्याच हंगामात आमचं कार्ड भर फडात जळलं. उघडलं तर अनंताच्या बाजूचा ट्रान्झिस्टर, गुंडाळीची वीज चालू-बंद करणारा तो तीन पायांचा भाग, काळाठिक्कर. "तुझाच ड्रायव्हर कच्चा," मी ठणकावून सांगितलं. "असंल बाबा," तो म्हणाला आणि तेव्हापासून एकाच्या जागी दोन ट्रान्झिस्टर लावू लागला. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं... चालू इंजिनात बॅटरीची तार ढिली झाली की विजेचा लोंढा येतो, आणि तो अडवणारा भाग मी माझ्या बाजूला बसवलाच नव्हता. मी तो गुपचूप बसवला. त्यानंतर एकही कार्ड जळलं नाही. अनंताला वाटलं, दोन ट्रान्झिस्टरांनी तारलं. मी त्याला तसं वाटू दिलं.

पुढं आष्टीच्या एका व्यापाऱ्यानं त्याला स्वतंत्र काम देऊ केलं. "नगं," तो म्हणाला, "माझं कार्ड जळलेलं हाय. माझाच मला भरवसा न्हाई." मी समोर बसून चहा पीत होतो. हंगाम संपला की सांगू, दिवाळी झाली की सांगू, असं करत वर्षं गेली. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

लई आठवण येते त्याची. झडपेचा 'टक्' आवाज आला की भजनात बसल्यासारखी मान डोलवायचा. मला आता तो आवाज एकट्याला ऐकवत नाही.

परवा वहिनी दुकानात आल्या. डाग द्यायला, म्हणजे कथिल वितळवून जोड पक्के करायला, त्या पूर्वीपासून मदत करायच्या. अनंताचं अर्धवट राहिलेलं कार्ड पुरं करते म्हणाल्या. त्यांनी दुसरा ट्रान्झिस्टर हातात घेतला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तो नको. एकच पुरतो."

"कावून?"

मग मी सगळं सांगून टाकलं.

"मला सांगून काय उपेग, भाऊजी? त्यास्नी सांगायचं व्हतं."

एवढं बोलून त्यांनी त्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे पाय सरळ केले, तो त्याच्या जागी बसवला आणि डाग दिला.