हॉल एक, कार्यं दोन
काल फिनेलचा वास आला आणि अबुधाबीतला आमचा कम्युनिटी हॉल आठवला. नव्वदच्या दशकातला तो शुक्रवार, आमच्या मुलीचं बारसं. पाळणा घेऊन पोचलो तर आत मल्याळी मंडळींची ओणमच्या नाचाची तालीम चाललेली; क्लार्कने एकच वेळ दोघांना दिली होती. पाहुणे दारात खोळंबलेले, बायकोच्या डोळ्यांत पाणी. ‘भाईसाब, हमारा भी आजही है,’ मी कसंबसं म्हणालो. त्यांच्यातल्या एका बाईंनी बाळाकडे पाहिलं. ‘पहले बच्ची का नाम, डान्स बाद में. यल्ला, चलो!’ म्हणत त्यांनीच खुर्च्या सरकवल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या बहिणीला व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून बाळाच्या कानात नावही त्याच बाईंनी सांगितलं. मुलगी आता नोकरी करते. कुणी विचारलं की सांगते, ‘आय हॅव टू आत्याज.’