अनवाणी सदा आणि उडता अमेरिकन

“तुमच्या त्या उडत्या अमेरिकनाला म्हणावं, मे महिन्यात आमच्या दिंडोरीच्या मैदानावर अनवाणी उभा राहून दाखव!” तात्या ओरडले आणि त्यांच्या बशीतले निम्मे पोहे माझ्या मामांच्या टोपीवर जाऊन बसले.

मी मुलगी बघायला आलो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कारकून. तात्या दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. त्यांची मुलगी वैशाली अजून बाहेर यायची होती. दाराआडून सगळं ऐकत होती (असं ती आजही चारचौघांत सांगते). याआधी मला इतक्या ठिकाणांहून नकार आले होते, की नुसत्या पोह्यांच्या चवीवरून मामा तालुका ओळखत. निघतानाच त्यांनी बजावलं होतं, “हे स्थळ गेलं तर मी तुला ओळखत नाही. तोंड फक्त खायला उघड!”

पण तात्यांनी विचारलं, “आवड कशाची?” आणि मी म्हणालो, “बास्केटबॉल.”

संपलं! तात्याही तरुणपणी खेळलेले. त्यांच्या मते पृथ्वीवर आजवर एकच खेळाडू जन्मला, त्यांचा जोडीदार, अनवाणी खेळणारा वणीचा सदा. (पोहे आले तेव्हा सदा सहा फूट होता. संपेपर्यंत सव्वासात झाला.) माझं दैवत म्हणजे केबलवर पहाटे दिसणारा एक अमेरिकन. तो एकदा उडाला की जाहिराती संपल्यावरच खाली यायचा.

“सदा दोन माणसं अंगावर घेऊन बास्केट करायचा!” तात्या म्हणाले.

“मग पंच काय करायचे?”

“टाळ्या वाजवायचे!”

“अहो, पण तीन गुणांची रेघ तरी होती का तुमच्या काळी? लांबून मारा नाहीतर जवळून, दोनच गुण!”

“मग? कांदा लांबून आणला म्हणून व्यापारी जास्त भाव देतो का काय?”

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. हल्लीच्या नियमांत हा फाउल धरतात, म्हणून मी आणखी चेकाळलो. “आता तीस सेकंदांत बॉल मारावाच लागतो, तात्या! तुमच्या सदाला घड्याळ लावलं असतं ना, तर रडला असता!”

तात्या उभे राहिले, धोतर खोचलं आणि म्हणाले, “पाहुणे, चला मागं.”

मागे शेडच्या भिंतीवर पिंपाचं लोखंडी कडं ठोकलेलं होतं. ठरलं असं, की पहिला डाव त्यांच्या काळच्या नियमांनी, दुसरा माझ्या. मामा कानाशी कळवळले, “हर रे बाबा! सासरा व्हायचाय तो, हर!”

हरायला मला काही करावंच लागलं नाही. तात्यांनी बॉल घेतला, कोपर माझ्या बरगडीत घातलं (“आमच्या काळी एवढं चालायचं!”) आणि सदाच्या नावाने आरोळी ठोकून बास्केट केली. मग बॉल मांडीवर घेऊन द्राक्षाच्या क्रेटवर ऐसपैस बसले.

“अहो, खेळा की!”

“आमच्या काळी घड्याळ कुणाकडं होतं? चहा आणा गं!”

चहा झाला. मामांशी पावसावर बोलून झालं. गड्याला छाटणीवरून शिव्या देऊन झाल्या. मग तात्यांनी जाहीर केलं, “दोन-शून्य. डाव खलास. सदा लय मोठा!”

आता माझा काळ! रेघ हवी म्हणून मी कोपऱ्यातली चुन्याची पिशवी उचलली आणि अंगणभर झकास कमान काढली.

“अहो पाहुणे, तो फवारणीचा चुना हे! त्या पिंपात निळा मोरचूद भिजलाय, त्यात कालवायचा—”

“गप्प बसा! आता नियम माझे!”

हे मी भावी सासऱ्यांना म्हणालो. मामांनी डोळे मिटून रामनाम सुरू केलं.

तेवढ्यात मागच्या दारात वैशाली आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि मला पंख फुटले! चार पावलं धावलो, रेघेबाहेरून उडालो. बॉल कड्यावर आपटला, आभाळात गेला आणि थेट मोरचुदाच्या पिंपात! परतीचा बॉल सोडायचा नाही हे कॉलेजात अंगात मुरलेलं. मी झेपावलो, माझ्याच चुन्यावरून घसरलो आणि बॉलच्या मागोमाग डोक्याकडून पिंपात गेलो.

गड्यांनी पाय धरून उपसलं, बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. मोरचूद कसला उतरतोय! शेंडीपासून कमरेपर्यंत मी निळा. मामा काही अंतरावर उभे राहिले, दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे.

तात्यांनी मला चारी बाजूंनी निरखलं. “फवारणी एक नंबर झाली. आता पाहुण्यांवर वर्षभर करपा रोग नाय पडायचा!” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या उपरण्याने माझं तोंड पुसलं. उपरणंही निळं झालं.

निघताना मामांनी हात जोडले. “तात्यासाहेब, झालं ते झालं. मुलीचं मत तेवढं विचारा.”

तात्यांनी आत हाक मारली, “वैशे, काय सांगू पाहुण्यांना?”

आतून आवाज आला, “आधी धुऊन आणा म्हणावं. मग बघून सांगते.”